सोडून दिलेलं वाक्य

पास बघून परत देताना धनाजीचा हात मधेच थांबला. तिसऱ्या बाकावरच्या मुलीच्या मांडीवर इंग्रजीचं पुस्तक उघडं होतं आणि त्यातल्या एका लांबलचक वाक्याला पेन्सिलीने उभ्या रेघा मारलेल्या होत्या. प्रत्येक रेघ खाली येताना जराशी डावीकडे वळलेली, आणि वाक्य संपलं तिथे एक छोटा रिकामा गोल. अडीचची भोर-वेल्हे गाडी, निम्मी रिकामी, मागच्या बाकावर दोन म्हाताऱ्या आपापल्या पिशव्या पायात धरून बसलेल्या. अशा गाडीत कंडक्टरला दचकायचं काही कारण नसतं. तरी तो दचकला, आणि दचकलो हे कुणाला दिसू नये म्हणून त्याने उगाच मशीनचं बटण दाबलं. मग विचारलं, "ह्या रेघा कुनी शिकवल्या तुला?" मुलीने वर पाहिलं. "काकूंनी. सुलक्षणाकाकूंनी. मी सोनिया, काका. दहावीला मामाकडं हुते, तुमच्या खालच्या आळीत. तुमी डिवटीवर असायचा तवा यायचे मी." काकू आता नाहीत हे तिला बोलता बोलता आठवलं असावं. लहान माणसं अशा वेळी पुस्तकात बघतात, तसं तिने पुस्तकात पाहिलं आणि म्हणाली, "हे एवढं वाक्य सांगा ना. मुठी पाडल्या, पन उलगडंना." धनाजीने वाक्याकडे पाहिलं. चार ओळींचं होतं. पहिले तीन शब्द ओळखीचे, मग एक अनोळखी, मग पुन्हा दोन ओळखीचे, आणि त्यापुढे त्याची नजर सवयीने सरळ पूर्णविरामावर जाऊन उभी राहिली. "पुढं वाच," तो म्हणाला. "पुढं गेलं की मागचं आपोआप कळतं." सोनिया म्हणाली, "काकू तर सोडून जाऊ द्यायच्याच न्हाईत." त्याने डबल बेल दिली, गाडी आधीच चालू होती तरी. हनुमंत ड्रायव्हरने आरशातून पाहिलं.

तो मागे जाऊन आपल्या जागेवर बसला. पत्नीची आठवण त्याला नवी नव्हती. वर्ष होऊन गेलं होतं, आणि आठवणीसोबत राहायची माणसाला सवय होते, तशी त्यालाही झाली होती. हे वेगळं होतं. अशाच रेघा, असाच डावीकडे वळलेला शेंडा, असाच गोल त्याने आणखी एका कागदावर पाहिला होता. पाहिला होता आणि पान उलटलं होतं. तो कागद पुस्तकाचा नव्हता, एवढं त्याला आत्ता, कापूरहोळच्या अलीकडच्या वळणावर, दांडीला धरून बसल्या बसल्या आठवलं. कागद दवाखान्याचा होता. तिसरं पान होतं. कुणा नर्सने मारल्या असतील रेघा, असं त्या सकाळी त्याला वाटलं होतं, म्हणजे वाटलं होतं असं तरी तो आता स्वतःला सांगत होता.

सुलक्षणा दहावी नापास होती. फक्त इंग्रजीत, चार मार्कांनी. लग्नाला बावीस वर्षं झाली तरी कुणी शिक्षण विचारलं की ती "दहावी" म्हणायची आणि मग खाली बघून "नापास" जोडायची. खोटं बोलायला तिला जमत नसे. दोघांना मूलबाळ नव्हतं. अंगणवाडीत मदतनीस म्हणून पंधरा-वीस लेकरांना खिचडी घालून ती दुपारी घरी यायची, आणि एक दिवस तिने सांगितलं की बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरून आलेय. चाळिशी ओलांडल्यावर. धनाजी हसला, पण त्याला बरं वाटलं. तो बारावी पास होता. बारावीला इंग्रजीत छत्तीस मार्क होते, आणि छत्तीस मार्कांची जी काय अक्कल होती ती शिकवायला त्याने त्याच संध्याकाळी सुरुवात केली. "अवघड वाक्य आलं की त्याच्या नादी लागायचं नाही. सोडायचं. पुढं जायचं. पुढच्या दोन सोप्या वाक्यांवरून अंदाज येतो." सबंध आयुष्य त्याचं असंच चाललं होतं. डेपोतलं परिपत्रक, बँकेचा कागद, औषधाच्या खोक्यातली घडीघडीची चिठ्ठी, सगळं त्याने सोपं सोपं वेचून वाचलं होतं आणि कुठे काही अडलं नव्हतं. सुलक्षणाला मात्र सोडता येईना. ती एका वाक्यापाशी बसली की बसलीच, दूध उतू जाईपर्यंत. तिसऱ्या दिवशी तिने पेन्सिल घेतली आणि वाक्याला उभ्या रेघा मारल्या. "रोपांचा वाफा काय कुनी एकदम उचलून खाचरात नेतं व्हय?" ती म्हणाली. पासलीच्या, सासरच्या गावच्या भातात तिची अर्धी हयात गेलेली. "उपटायचं, मुठी बांधायच्या, खाचरभर लांब लांब फेकायच्या. मग जी मूठ हाताला लागंल ती सोडायची आन लावायची. पयलीच मूठ पयली लावली पायजे आसं कुठं हाय?" आणि खरंच ती मधलीच मूठ धरायची, जिच्यात एखादा शब्द ओळखीचा असेल ती, आणि तिथून मागे-पुढे लावत जायची. पाठ वाकवून, मागे सरकत, रांग न चुकवता. महिन्याभरात वाक्यं तिला वश व्हायला लागली. धनाजीला कौतुक वाटलं, आणि कौतुकाच्या खाली आणखी काहीतरी वाटलं, ज्याला नाव द्यायला तो धजला नाही.

तो दिवस त्याला स्वच्छ आठवतो. हनुमंत चहाला आला होता. तिकिटाच्या नव्या मशीनसोबत आलेलं इंग्रजी माहितीपत्रक दोघे बघत होते. धनाजी आपल्या पद्धतीने वेचून वेचून सांगत होता आणि एका जागी अडकला. सुलक्षणा चहाची गाळणी हातात घेऊन वाकली, ओठ हलवले आणि आख्खं वाक्य मराठीत सांगून मोकळी झाली. हनुमंत ओरडलाच, "धनाजीराव, आता मशीन वहिनींच्याच गळ्यात घाला! तुमी बसा घरी खिचडी हालवत." सगळे हसले. धनाजी सगळ्यांत मोठ्याने हसला आणि रात्री जेवला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने नियम काढला. ज्याला कळलं त्याने तोंड उघडायचं नाही. रेघा मारायच्या, शेवटी एक गोल काढायचा, आणि वही दुसऱ्याकडे सरकवायची. दुसऱ्याने आपल्या बुद्धीने समजून घ्यायचं आणि कळलं की गोलात बरोबरची खूण करायची. "घास भरवला की पोराला चावायची सवय लागत न्हाई," असं कारणही त्याने दिलं. सुलक्षणाने त्याच्याकडे पाहिलं. तिला कळलं होतं. त्याचं काय दुखलं हे तिला नेहमीच कळायचं. "बरं," ती म्हणाली, आणि तो नियम तिने अंगणवाडीच्या वेळेसारखा पाळला. रोज संध्याकाळी वही त्याच्या पुढ्यात यायची. गोल रिकामा असायचा. तो थोडा वेळ भुवया आक्रसून बसायचा आणि गोलात खूण करायचा. अर्ध्या वेळा कळलेलं असायचं. उरलेल्या अर्ध्या वेळा तो नुसतीच खूण करायचा.

विंझर आलं. सोनिया उतरली, उतरताना "येते काका" म्हणाली, आणि धुरळ्यातून दुकानाच्या कडेने पुस्तक छातीशी धरून निघून गेली. तिला काय सांगितलं आपण? पुढं जा म्हणून सांगितलं. गेल्या वर्षीच्या मार्चमध्ये परीक्षा देताना सुलक्षणाच्या पोटात दुखायला लागलं होतं. पेपर सोडून आली नाही, तीन तास दाबून धरून बसली. निकाल लागला तेव्हा इंग्रजीत चौपन्न होते आणि डॉक्टर स्वादुपिंडाचं नाव घ्यायला लागले होते. धनाजीने डेपोत पेढे वाटले. "आपल्या हाताखाली शिकली," असं प्रत्येकाला सांगितलं. पेढ्याचा रिकामा पुडा घेऊन तो तसाच पुण्याला दवाखान्यात गेला, आणि तिने पुड्याला चिकटलेला कण बोटाने काढून खाल्ला. "पास झाल्याचा पेढा म्हंजी गोड आसतो," म्हणाली. त्या दिवसांत ती सारखी पासलीचं काढायची. रोपं टाकली असतील. संपतभावजींनी वाफा भाजला असेल का नीट. आवणीला, रोपं लावायला, मी येणार, बांधावर बसून मुठी तरी बांधीन. संपत त्याचा धाकटा भाऊ, तिथे शेती बघायचा. धनाजी म्हणायचा, "ऑपरेशन होऊ दे, मग जा हवं तेवढं." तो कधी कधी रागानेही बोलायचा. माणूस दवाखान्यात पडलंय आणि डोक्यात खाचर. त्याला वाटे, हिला आजाराचं गांभीर्यच नाही.

वेल्ह्याला गाडी अर्धा तास थांबते. हनुमंत खाली उतरून वडापाव घेऊन आला, एक त्याच्यापुढे धरला. "काय झालंय रं? भोर सोडल्यापास्नं बघतोय." "काय न्हाई. पित्त." हनुमंत शेजारी बसून खात राहिला. वडापाव धनाजीच्या हातात थंड झाला. समोर डोंगराच्या पोटात खाचरं हिरवी दिसत होती, आणि पाणी तुंबलेल्या एका खाचरात पाच-सहा बाया ओणव्या होऊन मागे मागे सरकत होत्या. त्यांच्या मागच्या चिखलात कुणीतरी फेकलेल्या मुठी पडल्या होत्या. धनाजीने मान फिरवली. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी नर्स फॉर्म घेऊन आली होती, चार पानांचा. तिने अगदी नीट विचारलं होतं, "काका, मराठीतला देऊ का?" आणि तो म्हणाला होता, "राहू द्या, इंग्रजी चालतं आम्हाला." नर्सला ऐकू जाईल अशा आवाजात आणि सुलक्षणाकडे बघत. आम्हाला. सुलक्षणा जरा हसली. डॉक्टरही आले होते, बराच वेळ बोलत होते, हिंदीत, मधे मधे इंग्रजी. त्यांनी सांगायचं राहू दिलं असं तो कधीच म्हणणार नाही. त्यांनी "समझे ना?" असं दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा त्याने मान हलवली. मग तो खाली जेवायला गेला. फॉर्म तिच्या खाटेवर राहिला.

सकाळी त्याने सही केली. सही तो इंग्रजीत करतो, शेवटच्या अक्षराची शेपटी खाली ओढून. तरुणपणी वहीच्या वही भरून बसवलेली सही आहे ती. पानं उलटताना तिसऱ्या पानावर एक वाक्य आलं होतं, पाच ओळींचं, पेन्सिलीच्या खुणा असलेलं. अवघड होतं. त्याने सोडलं. पुढच्या पानावर नाव, पत्ता, नातं असं सोपं सोपं होतं. सही झाल्यावर सुलक्षणाने विचारलं, "वाचलं का तुमी?" "वाचलं." "सगळं?" "सगळं गं." "तिसऱ्या पानावरचंबी?" "तेबी." "कळलं?" तेव्हा त्याला राग आला होता. समोरच्या खाटेवरची माणसं ऐकत होती. "कळलं म्हणतोय ना. बारावी झालोय मी." ती त्याच्याकडे बघत राहिली. किती वेळ, ते त्याला आता सांगता येणार नाही, पण ती बघत होती आणि तो पेनाचं टोपण लावत होता. मग ती म्हणाली, "मग तुमी म्हणाल तसं." आणि थोड्या वेळाने छताकडे बघत, "रोपं आता ईतभर झाली आसतील न्हाई पासलीला?" "झाली असतील. आदी बरी हो," तो म्हणाला. स्ट्रेचर आलं. आठ तास ऑपरेशन चाललं. ती नंतर शुद्धीवर आलीच नाही, तिसऱ्या दिवशी पहाटे गेली. पासलीच्या आवणीला अजून आठवडा होता.

परतीच्या गाडीत त्याने कुणाला तिकीट दिलं, कुणाला नाही, देव जाणे. भोरच्या स्टँडवर उतरून मशीन जमा केलं आणि तो चालत घरी आला. दोन खोल्या, मागच्या खोलीत कपाटावर तिची ट्रंक. फाईल ट्रंकेत तळाशी होती. दवाखान्याने सगळ्या कागदांच्या झेरॉक्स काढून दिल्या होत्या. त्या त्याने घेतल्या तशा इथे आणून पुरल्या होत्या. खिडकीतून अजून चांगला उजेड येत होता. शेजारच्या घरात कुणीतरी लसूण ठेचत होतं. त्याने फाईल उघडली, आणि तिसरं पान शोधावं लागलं नाही. झेरॉक्समध्ये पेन्सिल फिकट करडी उमटली होती, पण उमटली होती. पाच रेघा, सहा मुठी. प्रत्येक रेघेचा शेंडा डावीकडे. वाक्याच्या शेवटी गोल. गोल रिकामा.

त्याने ट्रंकेतूनच तिचा छोटा शब्दकोश काढला, कोपरे दुमडलेला, हळदीचे डाग पडलेला, दवाखान्यातही तिच्या उशाशी असलेला. जमिनीवर मांडी घालून बसला. पहिल्या मुठीला हात घातला, ती निसटली. दुसरी निसटली. नेहमीसारखी नजर पूर्णविरामाकडे पळायला लागली, आणि या खेपेला त्याने ती मानगूट धरून परत आणली. हाताला लागेल ती मूठ. चौथ्या मुठीत एक शब्द होता जो त्याला पाचवीपासून येत होता. होम. घर. इंग्रजीचं पहिलं पुस्तक उघडलं की चित्राखाली असायचा तो शब्द. त्या सकाळी तो याच पानावर होता, याच ओळीत, धनाजीच्या अंगठ्यापासून दोन बोटांवर. तिथून त्याने मागे-पुढे लावायला घेतलं. एकेका शब्दाला शब्दकोश, एकेका शब्दाला तिने दुमडलेला कोपरा. हे पानही तिने शोधलं होतं. हेही. पाऊण तास लागला. शस्त्रक्रिया न करता, दुखणं कमी करणारी औषधं देत, रुग्णाला घरी, आपल्या माणसांत ठेवणं. हाही एक मार्ग आहे आणि त्यात काही महिने बरे जाऊ शकतात. मग मागच्या मुठी: शस्त्रक्रियेने आजार बरा होईलच असं नाही, रुग्णाची ताकद पाहता जिवाला मोठा धोका आहे, हे मला समजावून सांगण्यात आलं आहे. आणि सगळ्यांत शेवटची: हे सर्व समजून, दुसरा मार्ग सोडून, मी संमती देत आहे. पुढच्या पानावर त्याची सही. शेपटी ओढलेली.

तिने वाचलं होतं. आदल्या संध्याकाळी तो खाली भाजी-चपाती खात होता तेव्हा तिने खाटेवर बसून, पोटाला उशी दाबून, सहा मुठी बांधल्या होत्या आणि आपल्याला घरी जाता येईल, पासलीला जाता येईल, आवणी बघता येईल, हे तिला कळलं होतं. मग तिने नियमाप्रमाणे केलं. तोंड उघडलं नाही. कागद त्याच्याकडे सरकवला. चार-चारदा विचारलं. कळलं म्हटल्यावर तिने काय समजावं? आपल्या माणसाने सगळं वाचलं, घरचा मार्ग बघितला, आणि तो नको म्हणाला. त्याला आपण हव्या आहोत, काही महिने नाही, कायमच्या, म्हणून त्याने हा धोका पत्करलाय. त्याच्या या आशेला आपण नाही कसं म्हणायचं. तुमी म्हणाल तसं. आणि त्याने काहीच म्हटलेलं नव्हतं. त्याने काही निवडलं नव्हतं, काही पत्करलं नव्हतं. त्याला फक्त समोरच्या खाटेवरच्या माणसांसमोर अडायचं नव्हतं. ती त्याच्या शब्दाला मान देऊन गेली आणि तो शब्दच खोटा होता. ऑपरेशन न करताही ती वाचली नसती, हे त्याला ठाऊक होतं. डॉक्टर नंतर तसं बोललेही होते. पण बांधावर बसली असती. मुठी बांधल्या असत्या. संपतच्या बायकोला चार शिव्या घातल्या असत्या रोपं आखूड उपटते म्हणून. एक आवणी. निदान एक आवणी तिची होती आणि ती त्याने पान उलटताना सोडून दिली.

तो रडला. तोंडावर हात दाबून, शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून, आणि मग हेही त्याच्या लक्षात आलं की आत्ताही आपण शेजाऱ्यांचाच विचार करतोय. त्याने हात काढला. लसूण ठेचायचा आवाज थांबला. बऱ्याच वेळाने ट्रंकेत चाचपून त्याने तिची पेन्सिल काढली, बोटभर उरलेली, वरच्या टोकाला दातांचे व्रण असलेली. गोलावर टेकवली. आता खरोखर कळलं होतं. आता खूण करायला हरकत नव्हती, नियमाप्रमाणे बरोबरच झालं असतं. पण त्याला त्या वहीतले सगळे गोल दिसायला लागले, अर्धे खरे आणि अर्धे खोटे, आणि ते सगळे तिने रोज संध्याकाळी पाहिले होते, काही न बोलता. कुठले खोटे हे तिला कळत नसेल असं कसं होईल? मग त्या सकाळीही तिला कळलं होतं? या विचारापाशी तो थांबला. हा सोडून पुढे जाता आलं असतं तर बरं झालं असतं. तो तिथेच बसून राहिला. खिडकीतला उजेड कमी झाला, अक्षरं पुसट झाली, गोल तेवढा दिसत होता.

त्याने पेन्सिल खाली ठेवली.

"सुलक्षणे, न्हाई कळलं मला," तो मोठ्याने म्हणाला. "तू सांग."